मोजणार नसाल तर लावूही नका

‘आता पोवळ्यालाही आधार कार्ड काढणार म्हणे!’ टाक्यांत पैदास केलेल्या पोवळ्यांची नोंद अंड्यापासून समुद्रतळापर्यंत संगणकात ठेवली जाते, असं सांगितलं की सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडून बहुधा हेच वाक्य पहिलं निघतं. मग हशा. हशा ओसरला की युक्तिवाद सुरू होतो आणि तो नेहमी त्याच वळणानं जातो. समुद्र कोट्यवधी वर्षं कुणाच्या खतावणीवाचून चालला आहे. पोवळी एका रात्रीत अगणित अंडी सोडतात, त्यांतली मूठभर जगतात, बाकीची माशांच्या पोटात जातात. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. त्यात क्रमांक, कॅमेरे आणि डेटाबेस घुसवणारे लोक निसर्गाला कारखाना समजतात. जो पैसा पडद्यांवर आणि सर्व्हरवर उधळता तो रोपणाला लावा, दुप्पट पोवळी लागतील. जगलं की मेलं हे बघायला जाणत्या पाणबुड्याची नजर पुरते. आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून: समुद्र तापतोच आहे हो, मरणाऱ्यांची यादी करून काय मिळणार?

ऐकायला झकास वाटतं. या युक्तिवादाला साधेपणाचा वास आहे, निसर्गाबद्दलचा विनय आहे, यंत्राबद्दलचा रास्त संशयही आहे. एकच गोष्ट नाही: ज्या कामाबद्दल हे बोललं जातं ते काम कसं चालतं, याची माहिती.

ती आधी घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाउन्सव्हिल शहराजवळ, ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स’चं नॅशनल सी सिम्युलेटर आहे. २०१३ मध्ये ते सुरू झालं. ग्रेट बॅरियर रीफवरून उचलून आणलेल्या पोवळ्यांच्या वसाहती इथल्या टाक्यांत ठेवतात. पाण्याचं तापमान, दिवसाचा उजेड, सगळं रीफवर असतं तसं राखतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यानच्या पौर्णिमेनंतर चार-सहा रात्री गेल्या की वसाहती वेगवेगळ्या टबांत काढतात आणि माणसं कपाळाला लाल दिवे बांधून पहारा देत बसतात. पांढरा झगझगीत उजेड चालत नाही, त्यानं पोवळ्यांची चांदण्यावर लागलेली घडी बिघडते. अंधार पडल्यावर पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या जिवाच्या, तोंडाशी गुलाबी मणी दिसू लागतो. त्या मण्यात अंडीही असतात आणि शुक्राणूही, कारण अक्रोपोरा जातीची ही पोवळी उभयलिंगी असतात. मणी सुटतो, वर तरंगतो. तो पेल्यानं उपसायचा आणि बारीक जाळीच्या चाळणीत हलकेच हलवायचा. मणी फुटतो, अंडी जाळीवर राहतात, शुक्राणूंचं दुधाळ पाणी खाली उतरतं. कुठल्या वसाहतीची अंडी कुठल्या वसाहतीच्या शुक्राणूंशी जुळवायची हे आधी ठरलेलं असतं आणि ते जुळवायला हातात जेमतेम काही तास असतात.

आता ही रात्र डोळ्यांसमोर आणा. टेबलावर ओळीनं वाडगे. प्रत्येकाच्या अंगाला चिकटपट्टी, पट्टीवर पेननं काढलेले आकडे. हात खाऱ्या पाण्यानं ओले, उजेड लाल, शाई पसरलेली, माणसं सलग चौथ्या रात्री जागी. एक पट्टी चुकीच्या वाडग्याला लागली की उत्तरेकडच्या उबदार पाण्यातल्या आईची पोरं दक्षिणेकडच्या थंड पाण्यातल्या आईच्या नावावर चढली. त्या पोरांवर पुढं जी जी मोजमापं होतील ती सगळी खोट्या नावावर. हे टाळायलाच तर क्रमांक असतो! आईबाप कुठल्या रीफवरून, किती खोलीवरून, कोणत्या तारखेला आणले. त्यांचा फोटो, कुपीत ठेवलेला त्यांच्या पेशींचा नमुना. मणी किती वाजता सुटला. फलन किती टक्के झालं. अळ्या कुठल्या टाकीत, किती दाटीनं वाढल्या. चार-पाच दिवसांनी कुठल्या फरशीच्या कुठल्या तुकड्यावर बसल्या. तो तुकडा कुठल्या चिनीमातीच्या चौकटीत बसवला. ती चौकट कुठल्या बोटीतून रीफच्या कुठल्या भागात, किती पाण्यात सोडली. सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी तिच्यावर काय सापडलं. एवढीच ती ‘डिजिटल भानगड’. यातली कुठली ओळ गाळावी, हे टर उडवणाऱ्यांनी बोट ठेवून सांगावं.

‘निसर्ग कुठं नोंद ठेवतो?’ हा त्यांचा लाडका सवाल. नाही ठेवत. पण निसर्ग पोवळी बोटीत घालून टाकीतही आणत नाही आणि त्यांची लग्नंही ठरवत नाही. रीफवर पोवळी बीजं सोडतात तेव्हा हजारो वसाहतींची अंडी आणि शुक्राणू एकाच वेळी पाण्यात मिसळतात. १९८१ मध्ये टाउन्सव्हिलसमोरच्या मॅग्नेटिक बेटापाशी जेम्स कुक विद्यापीठाच्या तरुण संशोधकांनी हा प्रकार पाहिला आणि १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यावर निबंध आला, तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला. त्या गर्दीत कोण कुणाचं याला महत्त्व नाही, कारण गर्दी प्रचंड आहे. टाकीत आईबाप किती? थोडे. त्यांतल्या एखाद्या वसाहतीनं भरभरून अंडी दिली आणि बाकीच्यांनी हात आखडता घेतला, तर त्या हंगामाची बहुतेक पोरं एकाच आईची निघणार. ती सगळी एका रीफवर नेऊन सोडा आणि काही वर्षांनी ती आपसांत जुगू लागली की काय होईल, हे जातिवंत जनावरं पाळणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. दुसरी खोच आणखी गमतीची. शेजारशेजारच्या दोन वसाहती पुष्कळदा एकाच मूळ वसाहतीच्या वादळात तुटलेल्या फांद्या असतात, म्हणजे जनुकांनी एकच. दोन ‘वेगळी’ पोवळी म्हणून त्यांचा मेळ घालावा तर फलन नीट होत नाही आणि अख्खी रात्र वाया जाते. हे आधी कळायला काय लागतं? प्रत्येक वसाहतीचा जनुकीय नमुना आणि तिच्या नावाची नोंद. माणसानं एकदा निवड हातात घेतली की जबाबदारीही घ्यावी लागते. निवड आमची आणि हिशेब निसर्गाचा, ही वाटणी फार सोयीची आहे. आमच्या सोयीची.

आता पैशाचा मुद्दा. ‘नोंदीवर उधळण्यापेक्षा जास्त लावा.’ हे वाक्य महाराष्ट्रात बसून कुणी म्हणावं याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. १ जुलै २०१६ ला आपण २ कोटी झाडं लावायला निघालो. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, मग २०१९ मध्ये ३३ कोटी. खड्डा, रोप, फोटो, टाळ्या. नंतर जगली किती, हा प्रश्न इतका चिघळला की २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती नेमायची वेळ आली. झाड तर जमिनीवर असतं. कुणीही चालत जाऊन बघू शकतो. जे दहा मीटर पाण्याखाली आहे आणि पहिल्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं असतं, ते लावल्याचा आकडा ऐकून आम्ही पुन्हा टाळ्या वाजवायच्या?

आणि हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं नाही. जगभरच्या ३६० हून अधिक प्रवाळ-रोपणांचा आढावा २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. त्यातलं सर्वांत बोचरं निरीक्षण असं की सुमारे ६० टक्के प्रकल्पांत रोपणानंतरची पाहणी अठरा महिन्यांच्या आतच संपली होती. शिंगासारख्या फांद्यांचं अक्रोपोरा अंडी सोडण्याच्या वयात यायला तीन-चार वर्षं घेतं. म्हणजे लावलेलं पोवळं स्वतः पोरं देतं की नाही, हा जो एकमेव अर्थपूर्ण प्रश्न, तो विचारण्याआधीच बहुतेकांनी दुकान आवरलेलं. त्याच आढाव्यात जगण्याचं सरासरी प्रमाण ६० ते ७० टक्के दिसतं. फार छान. पण कधीपर्यंतचं? ज्या दिवशी मोजणं थांबलं त्या दिवसापर्यंतचं! अंड्यापासून वाढवलेल्या पोवळ्यांचं गणित तर याहून कठोर आहे. मिलिमीटरभराचं पोर रीफवर सोडलं की पहिल्या वर्षात शंभरातली नव्वदहून जास्त मरणं ही अगदी नेहमीची गोष्ट. शेवाळ गिळतं, गोगलगायी खरवडतात, मासे चरताना उडवतात. इतकी मरणारी गोष्ट न मोजता ‘जास्त लावा’ म्हणणं म्हणजे फुटक्या रांजणात आणखी पाणी ओता म्हणणं. नोंद हा रोपणाच्या खर्चावर पडलेला बोजा नव्हे. चौकटीला कुठल्या आकाराच्या खाचा पाडल्या की मासे आत पोचत नाहीत आणि पोरं वाचतात, हे शोधून प्रत्येक जगलेल्या पोवळ्याचा खर्च खाली आणण्याचा दुसरा मार्गच नाही.

पाणबुड्याच्या नजरेबद्दल मला आदर आहे. मालवणला, रत्नागिरीला पाण्यात उतरणाऱ्या पोरांची नजर किती तयार असते हे मी ऐकून आणि बघून आहे. पण या कामात ती नजर काय बघणार? चौकटीवर तीन वर्षांनी मुठीएवढं पोवळं दिसलं. सुंदर. ते तुम्ही लावलेलं कशावरून? समुद्रातही त्याच जातीच्या अळ्या दर वर्षी फिरत असतात आणि त्यांना नवी कोरी चौकट मिळाली तर त्या आनंदानं बसतात. निसर्गानं फुकट बसवलेलं पोवळं आपल्या यशाच्या खात्यात जमा करणं हा या धंद्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत सभ्य घोटाळा. तो करणाऱ्याला आपण तो करतोय हे कळतसुद्धा नाही. नजर कितीही तयार असली तरी आईबाप ओळखू शकत नाही. जनुकीय चाचणी ओळखू शकते, पण तीही केव्हा? तीन-चार वर्षांपूर्वीच्या त्या लाल दिव्यातल्या रात्रीच्या आईबापांचे नमुने जपलेले असतील आणि कुठल्या चौकटीत कुणाची पोरं गेली हे लिहिलेलं असेल तेव्हा. नाही तर प्रयोगशाळा तुम्हाला एवढंच सांगेल की हे पोवळं आहे. ते पाणबुड्यानंही सांगितलं होतं.

शिवाय पाणबुडे बदलतात, निवृत्त होतात, दुसऱ्या प्रकल्पात जातात. रीफ तिथंच असते. कॅमेऱ्यानं दर वर्षी त्याच पट्ट्याचे शेकडो फोटो घेऊन त्यांचा त्रिमित नकाशा जोडला तर २०२३ चं पोवळं २०२६ मध्ये किती सेंटीमीटर वाढलं हे कुणीही, कुठंही बसून तपासू शकतो. टाक्यांतली अंडी आणि अळ्या मोजायचं काम पूर्वी थोडं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली करत. क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आणि सी सिम्युलेटरच्या लोकांनी त्यासाठी टाकीवरच कॅमेरा लावायची यंत्रणा तयार केली. चौकटी बोटीवरून सोडताना खालचा तळ खडकाचा आहे की वाळूचा, हे कॅमेऱ्यातून ओळखणारी संगणकप्रणालीही आता आहे. यात माणसाचा अपमान कुठं झाला? वाळूत पडलेल्या चौकटीवरचं पोर मरतं. ते माणसाच्या नजरेनं टाकलं म्हणून जास्त नैसर्गिकपणे मरतं असं थोडंच आहे?

एक गोष्ट मान्य करतो, आणि एकच. प्रत्येक पोराच्या मागं शेवटपर्यंत जाता येत नाही. चौकटीवरचा क्रमांक वर्षभरात शेवाळाखाली जातो. जीपीएसचा संकेत पाण्यात शिरत नाही, त्यामुळे जागेची नोंद पृष्ठभागावरून करावी लागते आणि ती काही मीटर इकडंतिकडं होते. ऑस्ट्रेलियाचे प्रवाळतज्ज्ञ पीटर हॅरिसन यांच्या पद्धतीत तर अळ्यांचे ढगच्या ढग रीफवर सोडतात. तिथं एकेक पोर ओळखणं शक्यच नाही. मग काय करतात? तुकडीची नोंद ठेवतात: कुठल्या वर्षीच्या, कुठल्या आईबापांच्या, किती अळ्या, कुठल्या पट्ट्यावर. २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरन बेटापाशी अशा अळ्या सोडल्या होत्या. त्यांतली वाढलेली पोवळी २०२१ मध्ये स्वतः अंडी सोडण्याच्या वयाला आली, हे जगाला सांगता आलं. का आलं? पाच वर्षांपूर्वी कुठं आणि काय सोडलं हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. तेव्हा ‘सगळं मोजता येत नाही’ यावरून ‘काहीच मोजू नका’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझं नम्र सांगणं, की या तर्कानं जनगणनाही बंद करा.

कधीकधी जरा राजकीय धारेचा आक्षेप येतो: हे सगळं नियंत्रणासाठी आहे, उद्या कंपन्या पोवळ्यांवर मालकी सांगतील, क्रेडिट विकतील. हा आक्षेप गंभीर आहे, म्हणूनच तो चुकीच्या दाराशी उभा आहे. खोटं क्रेडिट विकणाऱ्याला सर्वांत जास्त काय हवं असतं? नोंदीचा अभाव. ‘लाख पोवळी लावली’ म्हणणारी जाहिरात आणि प्रत्यक्ष रीफ यांच्यामध्ये जर कुणाला तपासता येईल अशी वही असेल तर ती जाहिरात करणाऱ्याला नको असते, तुम्हा-आम्हाला हवी असते. भांडायचं असेल तर त्या वहीच्या मालकीवरून भांडा. ती कुणापुढं उघडी असावी यावरून भांडा. ग्रेट बॅरियर रीफच्या केपेल बेटांवर वोप्पाबुरा या मूळ रहिवाशांना सोबत घेऊन पोवळ्यांचं बीजारोपण झालं. तिथल्या पाण्यातून कुणाच्या संमतीनं काय उचललं, कुठं नेलं आणि काय परत आणलं, हे दाखवायचं झालं तर कागद लागतोच. नोंद नसेल तर मूळ रहिवासी कुणाला जाब विचारणार, समुद्राला?

नोंदीच्या गरजेचं दुसरं टोक अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतं. तिथलं एल्कहॉर्न, म्हणजे एल्क हरणाच्या रुंद शिंगांसारखं पोवळं, इतकं विरळ झालं की उरलेल्यांची आपसांत बीजं जुळेनात. फ्लोरिडा अक्वेरियममध्ये होंडुरासच्या टेला उपसागरातून आणलेल्या एल्कहॉर्नशी फ्लोरिडाच्या एल्कहॉर्नचा मेळ घातला गेला आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची पोरं मायामीजवळच्या रीफवर लावली गेली. अर्धं रक्त परदेशी! सरकारी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत क्षणभर बसून बघा. उद्या त्यांनी काही रोग आणला, किंवा ती थंडीत टिकली नाहीत, तर कुठली पोवळी कुठं आहेत हे माहीत नसताना ही परवानगी कुठला शहाणा माणूस देईल? वंशाची नोंद नसती तर हा प्रयोग टाकीतच राहिला असता, आणि आमचे निसर्गवादी मित्र म्हणाले असते, बघा, शास्त्रज्ञ नुसते टाक्यांत खेळतात.

आता त्यांचा हुकमाचा पत्ता. ‘समुद्र तापतो आहे, सगळं मरणारच, मग ही मृत्यूंची वही कशाला?’

तापतो आहे, यात शंका नाही. कार्बन थांबल्याशिवाय कुठलीही टाकी रीफ वाचवणार नाही, हे टाकीत काम करणारेच सर्वांत आधी सांगतात. ग्रेट बॅरियर रीफ १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. वर्षांमधलं अंतर कमी होत चाललंय हे कुणालाही दिसेल. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेनं जगभरच्या चौथ्या विरंजनाची, म्हणजे पोवळी अशी पांढरी पडण्याची, घोषणा केली. पण २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात काय झालं ते बघा. जुलैत मॅनाटी बे या उथळ खाडीतल्या तरंगत्या यंत्रानं ३८ अंशांच्या वरचं तापमान नोंदवलं. रीफवरचं पाणी इतकं तापलं नव्हतं, पण पोवळ्यांना मारायला पुरेसं तापलं होतं. माणसं बोटी घेऊन धावली आणि समुद्रातल्या रोपवाटिकांमधली पोवळी उपसून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणू लागली. सगळी आणणं शक्यच नव्हतं. मग कुठली आणायची? जवळची? मोठी? देखणी? एल्कहॉर्न आणि त्याचं भावंड स्टॅगहॉर्न यांच्या प्रत्येक वेगळ्या जनुकीय वंशाचे दोन-दोन तुकडे सुरक्षित हलवले गेले. घराला आग लागलेली असताना कुठल्या कपाटात काय आहे हे माहीत असल्याखेरीज हे होत नाही. वही नसती तर एकाच वंशाचे पन्नास तुकडे वाचले असते आणि उरलेले वंश कुणाला न कळता संपले असते.

पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हिशेब आला: ५२,००० हून अधिक वसाहती, ३९१ ठिकाणं, फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगास भागात या दोन जातींच्या जवळजवळ ९८ ते १०० टक्के वसाहती मेल्या, आणि तिथल्या रीफच्या उभारणीत आता त्यांचा काही वाटा उरला नाही. हीच ती ‘मृत्यूंची वही’. ती नसती तर काय झालं असतं? ‘यंदा जरा जास्त पांढरी पडली’ एवढ्यावर निभावलं असतं. कार्बनवरून सरकारांना कोर्टात खेचणाऱ्यांच्या हातात काय असतं? हळहळ?

आणि त्या वहीत मेलेल्यांच्या शेजारी दुसरा रकाना असतो: न मेलेले. उष्णतेच्या लाटेनंतर शंभरातलं एखादं पोवळं हिरवं-तपकिरी, टवटवीत उभं राहतं. ते का टिकलं? सावलीत होतं, खोल होतं, नशीबवान होतं, की त्याच्या रक्तातच काही होतं? रक्तात असेल तर ते पुढच्या पिढीत जातं का, हा आज रीफच्या भवितव्याचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेच्या उबदार पाण्यातल्या आईबापांच्या अळ्या उष्णतेत कितीतरी जास्त टिकतात, हे २०१५ मध्ये दिसलं. २०२४ मध्ये पलाऊ या बेटदेशातल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या प्रवाळ संशोधन केंद्राबरोबर अक्रोपोरा डिजिटिफेराच्या वसाहती आधी उष्णतेत तपासल्या, कणखरांचा मेळ कणखरांशी आणि नाजुकांचा नाजुकांशी घातला, पोरं वाढवून प्रौढ केली आणि मग त्यांनाही उष्णतेत तपासलं. उत्तर: गुण पुढं जातो, पण थोडा. एका पिढीत मिळालेला लाभ साधारण एवढा, की नेहमीपेक्षा एक अंश जास्त ताप आणखी आठवडाभर सोसता यावा. आणि दहा दिवसांच्या तीव्र तापाला टिकणाऱ्यांची पोरं महिनाभराच्या मंद तापाला टिकतीलच असंही दिसलं नाही.

हा निष्कर्ष नीट वाचा, कारण तो कुणाचीच भलामण करत नाही. पैदास करून सगळं ठीक होईल म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना तो जमिनीवर आणतो; काहीच होणार नाही म्हणणाऱ्यांचंही तोंड बंद करतो. आणि असला निष्कर्ष येतो कुठून? अंडं कुणाचं, शुक्राणू कुणाचे, पोर कुठल्या तुकड्यावर बसलं आणि वर्षांनंतर तेच पोर हे, असं छातीठोकपणे सांगता आलं म्हणून. त्या साखळीतली एक कडी तुटली असती तर पलाऊत नुसती पोवळी उरली असती आणि आपल्या हातात मतं.

आपल्या दाराशीही या. मुंबईच्या सागरी किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळची पोवळी २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दुसरीकडे हलवण्यात आली. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे कायद्यानं वाघाच्या पंक्तीला. ही पैदास नव्हती, नुसतं स्थलांतर होतं. तरी प्रश्न तोच. त्यातल्या एकेका वसाहतीचं आज काय झालंय, हे गिरगावात राहणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलीला क्रमांक टाकून पाहता यायला नको का? वाघाला क्रमांक असतो, त्याचे पट्टे कॅमेऱ्यानं ओळखतात, त्याची वंशावळ वर्तमानपत्रात छापून येते आणि आपण ती चहाबरोबर चवीनं वाचतो. तिथं कुणाला आधार कार्ड आठवत नाही. पोवळ्याला डोळे नाहीत, डरकाळी नाही, म्हणून त्याची नोंद हास्यास्पद?

तेव्हा स्पष्टच बोलतो. टाकीत पोवळी वाढवून समुद्रात सोडायची आणि आईबाप, रात्र, टाकी, चौकट, जागा आणि वर्षांनंतरची अवस्था यांची सलग, उघडी, तपासता येणारी नोंद ठेवायची नाही, याला पुनरुज्जीवन म्हणू नये. तो समुद्रात सोडलेला नवस आहे. त्याला सरकारी पैसा देऊ नये, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून देऊ नये, आणि त्याच्या उद्घाटनाला मंत्र्यांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून फोटो काढू नयेत. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून लाखाचा आकडा फेकला की त्याला एवढंच विचारा: कुठल्या आईची, कुठल्या रात्रीची, कुठल्या खडकावर, आणि चौथ्या वर्षी त्यांतल्या कितींनी स्वतः अंडी सोडली?